आवा मारू

आवा मारू : दुसऱ्या महायुद्धातील जपानी मालवाहू व प्रवासी जहाज. निप्पॉन यूसेन कैशा या कंपनीचे हे जहाज मित्सुबिशीच्या नागासाकी येथील गोदीत बांधले गेले व १९४३ मध्ये सेवेत आले. सकल टनभार सुमारे ११,२५०.

जपानच्या ताब्यातील दोस्त राष्ट्रांच्या युद्धकैद्यांसाठी अमेरिकेने सोव्हिएट रशियामार्गे पाठविलेले मदतसाहित्य आग्नेय आशियात पोहोचविण्याचे काम १९४५ च्या आरंभी या जहाजाकडे आले. त्यासाठी अमेरिकेने जाण्या-येण्याच्या प्रवासात हल्ला न करण्याची हमी दिली. जहाजावर मोठे पांढरे क्रूस रंगविले होते व रात्री ते उजळले जात. फेब्रुवारीत मोजी बंदरातून निघून मदत पोहोचविल्यावर आवा मारू २८ मार्चला सिंगापूरहून परत फिरले. आत रबर, कथील इ. माल व दोन हजारांहून अधिक माणसे होती.

१ एप्रिल १९४५ च्या रात्री तैवानच्या सामुद्रधुनीत दाट धुके होते. अमेरिकी पाणबुडी क्वीनफिशला जहाज केवळ रडारवर दिसले. मालाने खोल बसल्यामुळे रडारवरील ठिपका लहान, वेग मात्र ताशी सुमारे १६–१७ सागरी मैल. त्यामुळे कमांडर चार्ल्स लॉफलिन यांनी ती विनाशिका समजून चार पाणतीर सोडले. चारही लागले. धुक्यात क्रूस व दिवे निरुपयोगी ठरले. वाचलेला एकमेव माणूस शिमोदा कांतारो. मृतांचा आकडा साधारणतः २,००३ दिला जातो. इतर आकडेही आढळतात.

लॉफलिन यांच्यावर ग्वाम येथे लष्करी खटला चालला. युद्धोपयोगी माल वाहिल्याने हमीच रद्द झाली, हा बचाव टिकला नाही; मात्र केवळ आदेशपालनातील हलगर्जीपणा सिद्ध धरून समज देण्यात आली. आवा मारूला सुरक्षित जाऊ देण्याविषयी पाणबुड्यांना पाठविलेल्या शेवटच्या संदेशात जहाजाचा मार्ग दिलेला नव्हता, हे लक्षात घेता दोष एकट्या कमांडरवर टाकणे कठीण आहे. अमेरिकेने जबाबदारी तत्त्वतः मान्य केली होती, पण १९४९ च्या करारान्वये जपानने भरपाईचा हक्क सोडला. मृतांच्या कुटुंबियांचे दुःख या व्यवहारात बाजूलाच पडले. टोकियोतील झोजोजी मंदिरात मृतांचे स्मारक आहे.

जहाजात सोने, प्लॅटिनम व हिरे होते, या समजुतीवर बरेच लिखाण झाले आहे. चीनने १९७७ ते १९८० या काळात फूज्येनच्या किनाऱ्याजवळ भग्नावशेषांचे उत्खनन केले. कथील, रबर व मानवी अवशेष मिळाले, खजिना मिळाला नाही. मानवी अवशेष जपानला सुपूर्त झाले. मौल्यवान माल जातानाच्या प्रवासात सिंगापूरमार्गे थायलंडसाठी होता व तो पोहोचविला गेला, असे अमेरिकी गुप्तवार्ता नोंदींवरून मांडले गेले आहे. उत्खननाशी हेच अधिक जुळते. पेकिंग मानवाचे (चीनमध्ये सापडलेल्या आदिमानवाचे) जीवाश्म याच जहाजात होते, या दाव्याला आधार नाही. त्यांचा माग १९४१ च्या डिसेंबरातच सुटला होता.