पुण्याच्या मानलेल्या बहिणी

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाला आणखी एक नाव आहे: पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. तिकीट काढून आत जाणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. दहा एकरांची ही बाग जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर घडवली आहे. तिथल्या इकेदा घराण्यातल्या त्सुनामासा या संस्थानिकाने १६८७ मध्ये कोराकुएनचं काम काढलं आणि १७०० मध्ये ती पुरी झाली. त्याच वर्षी इकडे सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं. त्या गडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तीनशे वर्षांनी या बागेची धाकटी आवृत्ती उभी राहील, असं तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

गंमत पुढेच आहे. कोराकुएनची आणखी एक आवृत्ती कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात, केली पार्कमध्ये आहे. ती १९६५ मध्ये खुली झाली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या तळ्यात सोडायला रंगीत कोई मासे खास ओकायामाहून आले. ओकायामा आणि सॅन होजे यांचं नातं १९५७ पासूनचं, तर सॅन होजे आणि पुण्याचं १९९२ पासूनचं. म्हणजे या तिन्ही शहरांचं एकमेकांशी नातं आहे आणि तिघांकडे मिळून एकाच बागेची तीन रूपं आहेत. भगिनी शहर, अर्थात सिस्टर सिटी, या कल्पनेचा इतिहास पुण्यापुरता सांगायचा तर या त्रिकोणापासून सुरुवात करणं सोयीचं.

आधी शब्दाबद्दल थोडं. युरोपात या नात्याला जुळी शहरं म्हणतात, जर्मन लोक भागीदार शहर म्हणतात, रशियन लोक त्याला भाऊ मानतात, तर जपानी आणि अमेरिकन बहीण. मराठीत ‘जुळी शहरं’ म्हटलं की डोळ्यांसमोर पुणे आणि पिंपरी-चिंचवड येतं, त्यामुळे तो शब्द बाद. ‘भगिनी शहर’ हा ठरावाच्या मसुद्यात शोभणारा शब्द. मला विचाराल तर ‘मानलेली बहीण’ हे त्याचं खरं भाषांतर. रक्ताचं नातं नाही, कायद्याचं तर नाहीच. राखी बांधली म्हणून नातं. दरवर्षी कुणी आठवणीने राखी पाठवली तर ते टिकतं.

ही कल्पना जन्मली युद्धाच्या राखेतून. जर्मन बॉम्बफेकीत बेचिराख झालेल्या इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीने १९४४ मध्ये स्टालिनग्राडशी नातं जोडलं. पुढे १९५० मध्ये फ्रान्समधलं माँबेलियार आणि जर्मनीतलं लुडविग्सबुर्ग ही कालपरवापर्यंतच्या वैऱ्यांची दोन शहरं एकत्र आली. अमेरिकेत अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सप्टेंबर १९५६ मध्ये व्हाइट हाउसमध्ये परिषद बोलावली. सरकारांनी सरकारांशी बोलावंच, पण गावांनी गावांशी आणि माणसांनी माणसांशीही ओळख ठेवावी, हा तिचा गाभा होता. स्वतः सेनापती राहिलेला माणूस हे सांगत होता, म्हणून त्याला वजन होतं. अर्थात शीतयुद्धात मित्र जोडण्याचा हिशेबही त्यात होताच. तो नव्हता असं मानणं भाबडेपणाचं ठरेल.

ओकायामावर २९ जून १९४५ रोजी अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले. शहराबरोबर कोराकुएनचंही मोठं नुकसान झालं आणि पुढे जुन्या चित्रांच्या आधाराने ती बाग पुन्हा उभी करावी लागली. त्याच युद्धात सॅन होजेतल्या जपानी वंशाच्या कुटुंबांना घरंदारं सोडून छावण्यांमध्ये राहावं लागलं होतं. बारा वर्षांनी या दोन शहरांनी एकमेकांना बहीण मानलं. केली पार्कमधल्या त्या बागेकडे नुसतं फुलझाडांची हौस म्हणून पाहता येत नाही ते यामुळे.

भारतात हा प्रकार आला तो बंदरांच्या वाटेने. मुंबई आणि योकोहामा यांचं नातं १९६५ मधलं. पुण्याला बंदर नाही. परक्या देशांशी पुण्याची ओळख झाली ती कारखान्यांतून आणि भाषेच्या वर्गांतून. आणि या दोन्ही वाटांवर महापालिका कुठेच नव्हती.

कारखान्यांचंच पाहा. मराठा चेंबर ऑफ कॉमर्स ही व्यापारी-उद्योजकांची संघटना १९३४ मध्ये स्थापन झाली; पुणे महापालिका त्यानंतर सोळा वर्षांनी, १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आली. परदेशी पाहुण्यांना एमआयडीसीतल्या शेडमध्ये फिरवून आणायचं, दुपारी जेवायला घालायचं आणि संध्याकाळपर्यंत दोन-चार कार्डांची देवाणघेवाण घडवायची, हे काम चेंबरसारख्या संस्थांकडे आलं ते यामुळेच. करार होत ते कंपन्यांचे कंपन्यांशी. याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्या रोजच्या तोंडात आहे. १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो ही कंपनी निघाली, ती हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याशी करार करून. तिची तीनचाकी आली, मग चारचाकी आली. हळूहळू कोणत्याही कंपनीच्या मालवाहू गाडीला महाराष्ट्र टेम्पो म्हणू लागला. मूळ कंपनी जर्मनीत इतिहासजमा झाली, इथल्या कंपनीने २००५ मध्ये फोर्स मोटर्स हे नाव घेतलं, पण घर बदलताना आपण आजही टेम्पोच सांगतो. हॅम्बुर्ग काही पुण्याची बहीण नाही. तरी तिथला एक शब्द आपल्याकडे घरजावई झाला, आणि त्यासाठी कुठल्या महापौराला सही करावी लागली नाही.

हॅम्बुर्गपासून शे-सव्वाशे किलोमीटरवर ब्रेमेन आहे. पुण्याची जर्मन बहीण ती. हे नातं मला सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण ते वरून खाली आलं नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ब्रेमेनमधल्या सामाजिक काम करणाऱ्या नागरिकांनी पुण्यातल्या तशाच माणसांशी ओळख काढली. शिक्षण, वस्त्यांमधलं काम, तरुणांची ये-जा अशा गोष्टींतून ती वाढत गेली. अधिकृत शिक्कामोर्तब ही नंतरची बाब. औंधमध्ये ब्रेमेन चौक आहे. रिक्षावाला ‘ब्रेमेन चौकातून डावीकडे?’ असं विचारतो, तेव्हा आपण जर्मनीतल्या एका शहराचा उच्चार करतो आहोत हे त्याच्याही लक्षात नसतं नि आपल्याही. ब्रेमेनमध्ये मर्सिडीजचा मोठा कारखाना आहे आणि मर्सिडीजचा भारतातला कारखानाही पुण्याचाच, आधी पिंपरीत, मग चाकणला. यावरून ‘बघा, भगिनी शहरामुळे व्यापार आला’ असं म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरावा. मर्सिडीज पुण्यात आली कारण टेल्को, म्हणजे पुढची टाटा मोटर्स, पुण्यात होती, आणि टेल्कोचा मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लर-बेंझशी करार १९५४ चा.

सॅन होजेची गोष्ट वेगळी. तिथे मात्र वेळ अचूक साधली गेली. सॉफ्टवेअर निर्यातीसाठी सरकारने १९९० मध्ये जी पहिली टेक्नॉलॉजी पार्क्स काढली, त्यांत बंगळुरू आणि भुवनेश्वरबरोबर पुणे होतं. १९९१ मध्ये आर्थिक धोरण बदललं, त्याच वर्षी सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने पुण्यात परम ८००० हा महासंगणक तयार केला. १९९२ मध्ये सिलिकॉन व्हॅलीच्या सर्वांत मोठ्या शहराशी नातं जुळलं तेव्हा हिंजवडीत शेती होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पेठांपासून कोथरूडपर्यंत प्रत्येक सोसायटीतलं एखादं तरी पोर ‘बे एरिया’त गेलं. त्या करारामुळे गेलं का? नाही. पण त्या गावाचं नाव महापालिकेच्या दप्तरात आधीच होतं, आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसांना आपल्या दोन गावांना जोडणारा एक कागद आयता मिळाला.

तो कागद कसा तयार होतो, हेही सांगायला हवं. आधी एखादं शिष्टमंडळ येतं. महापौरांच्या दालनात पुणेरी पगडी, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह होतं. मग इरादापत्र, मुख्य सभेत ठराव, राज्य सरकार आणि परराष्ट्र मंत्रालयाची संमती, कारण परराष्ट्र व्यवहार हा केंद्राचा विषय. मग आपलं शिष्टमंडळ तिकडे जातं. या शेवटच्या पायरीवर पुणेकरांचं फार बारीक लक्ष असतं. ‘अभ्यास दौरा’ हा शब्द आपल्याकडे अवतरणचिन्हांशिवाय छापतच नाहीत, आणि त्याचा दोष वर्तमानपत्रांना देता येणार नाही.

खरी अडचण मात्र दौऱ्यांच्या खर्चापेक्षा खोल आहे. सॅन होजे किंवा ओकायामाचा महापौर लोकांनी थेट निवडलेला असतो, चार वर्षांसाठी. ब्रेमेन तर स्वतःच एक राज्य आहे; तिथला महापौर म्हणजे आपल्या हिशेबाने मुख्यमंत्री. आपला महापौर पूर्वी एका वर्षाचा असे, आता अडीच वर्षांचा. अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्तांची बदली कधी होईल हे आयुक्तांनाही माहीत नसतं. म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला निर्णय घेऊ शकणारा माणूस, या बाजूला हार घालू शकणारा. लोकसंख्येचा तोलही उलटा: ब्रेमेन साडेपाच-पावणेसहा लाखांचं, ओकायामा सात लाखांच्या आसपास, आणि २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची वस्ती ३१ लाखांवर. पाण्याचा, कचऱ्याचा, बसचा प्रश्न त्यांच्याकडून शिकायचा म्हटलं तरी माप आपल्या अंगाला बसवून घ्यावं लागतं.

२०१८ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनने पुण्याला आपल्या भगिनी शहरांच्या यादीत घेतलं. यादी वाढली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि काही वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात महापौर नव्हता, मुख्य सभाही नव्हती. बहिणींच्या पत्रांना उत्तर द्यायला घरात कर्तं माणूस नसावं, तसं झालं.

आणि नेमकं त्याच काळात एक पत्र आलंच, जरी ते थेट आपल्या नावे नव्हतं. सॅन होजेच्या ग्वादालूपे रिव्हर पार्कमध्ये शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा होता, पुण्याने दिलेला. जानेवारी २०२३ च्या अखेरीस तो चोरीला गेल्याचं लक्षात आलं. तिथल्या उद्यान विभागाने जाहीर निवेदन काढलं. पुतळा भगिनी शहराची भेट होता हे त्यात आवर्जून सांगितलं आणि माहिती देण्याचं लोकांना आवाहन केलं. पुण्यात बातमी आली, दोन दिवस चर्चा झाली. त्या निमित्ताने असा पुतळा तिथे आहे हेच अनेकांना पहिल्यांदा कळलं. फेब्रुवारीत पोलिसांना तो सापडला, एका भंगाराच्या दुकानात.