घरगुती बिअरनिर्मिती : तंत्र आणि दर्जा

विक्रीसाठी नव्हे, तर स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या पिण्यासाठी घरच्या स्वयंपाकघरात किंवा गॅरेजमध्ये बिअर बनवण्याची पद्धत. एक घाणा साधारण २० लिटरचा असतो. जवाला मोड आणून, वाळवून केलेले माल्ट गरम पाण्यात भिजवतात, त्यातून उतरलेला गोड अर्क, म्हणजे वर्ट, हॉप्सच्या फुलांबरोबर उकळतात, निववतात आणि यीस्ट घालून आंबवतात. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या घरांत यातली पहिली पायरी ओळखीची वाटेल. मोड येताना धान्यात पिष्टाची साखर करणारी विकरे तयार होतात. दोन्हीकडे काम त्यांचेच असते.

ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना लागे. तो १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला सूट मिळाली आणि बिअर राहून गेली. ती चूक दुरुस्त करणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांची सही ऑक्टोबर १९७८ मध्ये झाली. दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, अशी त्यातली मर्यादा आहे. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी मात्र परवानगी द्यायला २०१३ उजाडू दिले. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे. म्हणून पुढचे तपशील इथल्या वाचकाला मायक्रोब्रुअरीतला ग्लास पारखताना उपयोगी पडतील, आणि परदेशात राहणाऱ्याला प्रत्यक्ष हात घालताना.

नवखा माणूस पहिल्या दोन-तीन घाण्यांनंतर बहुधा पाककृती बदलतो : महाग हॉप्स आणतो, माल्टच्या जाती वाढवतो. दर्जा तिथे फारसा अडलेला नसतो. चुलीवरचे काम संपल्यानंतरचे दहा-पंधरा दिवस बिअर चांगली की वाईट ते ठरवतात. साखरेचे मद्य आणि वायू यीस्ट करते. बनवणाऱ्याच्या हाती असते ती त्याची बडदास्त.

पहिली गोष्ट स्वच्छतेची. धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले नीट झाल्याशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही. चिकटलेल्या साक्याखाली जंतू सुखरूप राहतात. आधी अल्कधर्मी पावडरीने धुवायचे, मग फॉस्फोरिक आम्लावर आधारित किंवा आयोडीनयुक्त द्रावणाने भांडे ओले करायचे, असा रिवाज आहे. उकळीपूर्वी वापरलेल्या भांड्यांना एवढी सोवळेओवळे लागत नाही. वर्ट निवल्यावर त्याला जे जे लागेल ते सगळे मात्र या द्रावणातून काढावे लागते : नळी, झाकण, चमचा, कात्री, यीस्टचे पाकीटसुद्धा. प्लास्टिकच्या बादलीला घासणीचे ओरखडे पडले की ती बाद करावी. बिघडलेली बिअर सहसा आजारी पाडत नाही, कारण आम्लता, मद्य आणि हॉप्स यांच्यात रोगजंतू तग धरत नाहीत; चव मात्र जाते.

दुसरी गोष्ट यीस्टची मात्रा. विरजण कमी पडले की दही लागायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दूध भलत्याच वासाचे होते, तसेच इथे घडते. व्यवसायातला ढोबळ हिशोब असा : एल, म्हणजे उबेत आंबवलेल्या, बिअरसाठी दर मिलिलिटरला, वर्टच्या प्रत्येक प्लेटो अंशामागे (हे वर्टमधल्या साखरेचे माप), साडेसात लाख पेशी, लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या, बिअरसाठी त्याच्या दुप्पट. १२ अंशांच्या २० लिटर वर्टला म्हणजे सुमारे १८० अब्ज पेशी लागतात. सुक्या यीस्टचे ११ ग्रॅमचे एक पाकीट एलला साधारण पुरते. द्रवरूप यीस्टच्या पेशी मात्र साठवणीत मरत जातात, म्हणून आदल्या दिवशी लिटर-दोन लिटर पातळ वर्टमध्ये ते वाढवून घेतात. शुद्ध वाणाचे यीस्ट वापरण्याची कल्पनाच १८८३ ची. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी ते वेगळे करून दाखवले. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध शुद्धता-नियमात जव, हॉप्स आणि पाणी आहे, यीस्टचा उल्लेखही नाही.

तिसरी गोष्ट तापमान, आणि एकच सुधारणा परवडणार असेल तर ती हीच करावी. एल १८ ते २० अंश सेल्सिअसला आणि लागर ९ ते १३ अंशांना आंबवतात. किण्वनातून उष्णता निघते, त्यामुळे ऐन जोरात असताना बादलीतले तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी सहज जास्त असते. भिंतीवरच्या तापमापकावर विश्वास ठेवणारा इथे फसतो. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत नाजूक. तेव्हा पारा चढला तर फळांसारखे उग्र वास आणि डोके धरायला लावणारी जड अल्कोहोले तयार होतात, आणि ती नंतर जात नाहीत. जुना फ्रीज आणि त्याला जोडलेला तापमान-नियंत्रक हा उत्तम उपाय. तो नसेल तर बादली पाण्याच्या घंगाळात ठेवून भोवती ओले फडके गुंडाळावे. माठाचे पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने काही अंश उतरतात. पश्चिम नॉर्वेच्या शेतघरांत पिढ्यानुपिढ्या जपलेले क्वेइक नावाचे यीस्ट मात्र ३५ अंशांच्या पुढेही स्वच्छ चव देते, म्हणून उष्ण प्रदेशांतल्या छांदिष्टांना त्याचे अप्रूप.

शेवटाकडे उलट करायचे असते : जोर ओसरला की दोन-तीन अंश तापमान वाढू द्यायचे. यीस्टने सुरुवातीला बाहेर टाकलेले डायअसिटिल, ज्याला लोण्यासारखा वास येतो, ते या दिवसांत यीस्टच परत पचवते. घाईने बाटल्या भरणाऱ्याच्या बिअरला हा वास राहतो, किंवा हिरव्या सफरचंदाचा, जो असिटाल्डिहाइडचा असतो.

पाण्याकडे लोक उशिरा वळतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलांशी जुळून दवाखान्यासारखा वास आणते आणि तो अगदी कणभर मात्रेतही कळतो. ते क्लोरीन घालवायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची एक गोळी सुमारे ७५ लिटर पाण्याला पुरते. क्षारांचे गणित त्यानंतरचे. इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटच्या जिप्समयुक्त पाण्यात कडवट पेल एल खुलली, चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेनच्या मृदू पाण्यात फिकट लागर. ही शहरे आपल्या विहिरींमुळे नावारूपाला आली.

माल्ट भिजवताना ६२ ते ६५ अंशांना जास्त आंबणारी साखर आणि हलकी, कोरडी बिअर मिळते, ६८ च्या पुढे भरीव. ब्रिटनमध्ये एकेकाळी माल्ट अर्काच्या एका डब्यात किलोभर साधी साखर ढकलण्याची चाल होती; घरगुती बिअर म्हणजे पातळ आणि आंबटसर, ही बदनामी बरीचशी तिच्यामुळे. उकळताना झाकण ठेवू नये, कारण उकडलेल्या मक्यासारखा वास देणारे डायमेथिल सल्फाइड वाफेबरोबरच जाते. मग तांब्याच्या वेटोळ्यातून गार पाणी सोडून वर्ट अर्ध्या तासात निववतात. ऑस्ट्रेलियात पाण्याच्या टंचाईमुळे अनेकजण हे टाळतात. ते उकळते वर्ट थेट जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून, कॅन बंद करून रात्रभर ठेवतात, आणि तेही निभावते.

ऑक्सिजनचे वागणे विचित्र आहे. यीस्ट घालताना तो हवाच असतो, म्हणून निवलेले वर्ट खळखळून हलवतात. किण्वन सुरू झाल्यावर तोच वैरी होतो. बिअर महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते आणि हॉप्सचा सुगंध मरतो. बाटल्या भरताना नळी तळापर्यंत न्यायची, फेस उडू द्यायचा नाही, ते यासाठी.

बाटलीत वायू भरण्यासाठी दर लिटरला सहा ग्रॅमच्या आसपास साखर घालतात. त्याआधी हायड्रोमीटरचे, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता दाखवणाऱ्या उपकरणाचे, वाचन सलग दोन-तीन दिवस स्थिर आहे का ते पाहावे. १.०४८ वरून १.०१२ वर येऊन थांबलेल्या बिअरमध्ये सुमारे ४.७ टक्के मद्य असते. ती १.०२० वर असतानाच बाटल्या भरल्या तर उरलेली साखर आत आंबत राहते आणि काच फुटते. या छंदातला खरा शारीरिक धोका हाच. काच तपकिरी असावी. उन्हात हॉप्समधली द्रव्ये तुटून स्कंक नावाच्या अमेरिकी प्राण्याच्या दुर्गंधीशी मिळताजुळता वास येतो, आणि हिरवी काच त्याला फारशी अडवत नाही.

सुधारणा झाली की नाही हे ठरवणे बनवणाऱ्याला स्वतःला अवघड जाते, कारण आपल्याच घाण्याचे कौतुक जिभेवर येते. त्यासाठी त्रिकोण चाचणी वापरतात : तीन अपारदर्शक पेल्यांपैकी दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिघांत एक बरोबर येतोच, म्हणून २४ जणांपैकी निदान १३ जणांनी ओळखला तरच फरक खरा मानतात. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याचे शास्त्रही बिअरच्याच कारखान्यात वाढले : डब्लिनच्या गिनेसमधले विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. घरी २४ जण जमत नाहीत. तेव्हा निदान एका घाण्यात एकच गोष्ट बदलावी, आणि तारीख, तापमान, वाचने वहीत लिहून ठेवावीत.