मुंबईचा पाऊस आणि शासकीय समाजमाध्यमे : पार्श्वभूमी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा लोकल ठप्प झाल्या, दूरध्वनी कोलमडले आणि रस्त्यांत अडकलेल्या मुंबईकरांना पुढे पाणी किती आहे हे अधिकाराने सांगणारे कोणी उरले नाही. दोन दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, जुहूच्या नेहरूनगर वस्तीत पाण्याचा लोंढा येत असल्याची अफवा पसरली आणि चेंगराचेंगरीत माणसे दगावली. पुराचा जोर ओसरल्यानंतरचे हे मृत्यू या इतिहासात सर्वांत जास्त बोचतात, कारण खात्रीची माहिती वेळेवर मिळती, तर ते टळू शकले असते.

तेव्हा शासनाचे म्हणणे मुख्यतः आकाशवाणी, दूरदर्शन आणि प्रसिद्धिपत्रके यांतून पोहोचत असे. नागरिकाला उलट विचारण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. २०१० मध्ये परराष्ट्र मंत्रालयाचा एक विभाग ट्विटरवर आला. त्याच वर्षी दिल्ली वाहतूक पोलिसांनी फेसबुकवर पान उघडले आणि नियम मोडणाऱ्या गाड्यांची लोकांनी टाकलेली छायाचित्रे पाहून दंडाच्या नोटिसाही काढल्या. खाते कोणी चालवायचे, उत्तर कोणी द्यायचे आणि नोंदी कशा जपायच्या, याविषयीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्ये आली.

मुंबई पोलिसांचे ट्विटर खाते डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाले. त्यांच्या मिश्कील संदेशांची चर्चा फार झाली. अशा खात्यांचे खरे मोल मात्र २९ ऑगस्ट २०१७ सारख्या दिवशी कळते. सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर पाऊस पडला, रेल्वे पुन्हा थांबली, पण या वेळी कोणता रस्ता पाण्याखाली आहे हे यंत्रणा सांगत होत्या आणि अडकलेले लोकही त्यांना टॅग करून कळवत होते. पावसाळ्यात महापालिका भरतीची वेळ आणि तिची उंची मीटरमध्ये देते, तीही याच गरजेतून. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल भागांतले पाणी समुद्रात जात नाही.

ही व्यवस्था खासगी कंपनीच्या मंचावर उभी आहे, याची जाणीव जून २०२३ च्या अखेरीस झाली. ट्विटरने लॉग-इन सक्तीचे केले आणि ऐन पावसाळ्यात, काही दिवस का होईना, खाते नसलेल्या नागरिकाला शासकीय सूचनाही तेथे दिसेनाशा झाल्या. महापालिकेचा १९१६ हा मदत क्रमांक मात्र साध्या फोनवरूनही लागतो.