दोन फायली, दोन सल्ले: पाळी जातानाच्या हार्मोन गोळ्यांची पार्श्वभूमी

बायकांच्या दुखण्यासाठी कागवाड-अथणीकडची बाई मिरज गाठते, निपाणीची कोल्हापूर, खानापूरची बेळगाव. पाळी जाताना अंगातून वाफा येऊ लागतात, झोप उडते, म्हणून एका गावच्या डॉक्टरने हार्मोनच्या गोळ्या लिहून द्यायच्या आणि दुसऱ्या गावच्याने ‘‘कशाला घेताय, कॅन्सर होईल’’ म्हणत बंद करायला सांगायच्या, हे सीमाभागात नवं नाही. कॅरीबॅगेत दोन फायली, एकीवर कन्नड शिक्का, दुसरीवर मराठी. खोटं कोणीच बोलत नसतं. दोघे या उपचाराच्या वेगवेगळ्या सालांतून बोलत असतात, एवढंच.

गाभण घोडीच्या मुतातून काढलेल्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या गोळीला अमेरिकेत १९४२ साली परवानगी मिळाली. साठच्या दशकात ती तारुण्य टिकवणारी म्हणून धडाक्यात खपली. १९७५ मध्ये दिसून आलं, की नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. खप कोसळला. मग जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध द्यायला सुरुवात झाली, अस्तराला संरक्षण मिळालं आणि गाडी पुन्हा रुळावर आली. ही पहिली बंद-चालू.

दुसरी मात्र जगभर गाजली. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी अभ्यासात १६,६०८ बायकांवर जोडगोळीची, म्हणजे इस्ट्रोजेन आणि हे जोडीचं औषध एकत्र देण्याची, चाचणी चालू होती. ती जुलै २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवली. स्तनाच्या कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढला, ही बातमी झाली. आकडा खरा होता, पण त्याचा अर्थ असा, की १०,००० बायकांमागे वर्षाला आठ जणींना जास्तीचा कॅन्सर. हे छापायला कोणाला सवड नव्हती. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. मुख्यतः साठी ओलांडलेल्यांवरून निघालेला निष्कर्ष पंचेचाळिशीतल्या बाईला लावला गेला आणि जगभर लाखो जणींनी गोळ्या सोडल्या. सोडल्यावर बऱ्याच जणींच्या वाफा परत आल्या.

पुढे तेच आकडे वयानुसार वेगळे करून पाहिल्यावर चित्र पालटलं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरुवात केली, तर बहुतेक निरोगी बायकांना तोट्यापेक्षा फायदा जास्त. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने हृदयविकार आणि स्तनाच्या कॅन्सरबद्दलचे, औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापलेले इशारे काढायचं जाहीर केलं. मध्ये खंड पडल्यावर पुन्हा सुरू करतानाही हाच हिशेब लागतो: वय किती, पाळी जाऊन किती वर्षं झाली, मधल्या काळात बीपी, रक्ताची गुठळी, स्तनात गाठ असं काही निघालं का. पाळी गेल्यावर अंगावरून रक्त जात असेल, तर त्याचं कारण सापडेपर्यंत गोळी सुरू करत नाहीत. गुठळीची भीती असेल, तर गोळीऐवजी हातावर चोळायची जेल किंवा पट्टी सुचवतात, कारण कातडीतून जाणाऱ्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढताना दिसत नाही.

आपल्याकडची खरी गुंतागुंत ‘पिशवी’, म्हणजे गर्भाशय, काढलेल्या बायकांची. बीडच्या ऊसतोड बायकांच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये महाराष्ट्रात चौकशी समिती बसली, कलबुर्गीच्या लंबाणी तांड्यांतूनही तशाच तक्रारी आल्या. पस्तिशीत पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर पाळी एका दिवसात संपते आणि हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. अशा बाईला, हार्मोन न चालणारा आजार नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत ते द्यावेत असा वैद्यकीय सल्ला आहे, आणि पिशवीच नसल्याने सहसा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. २००२ ची भीती नेमकी हिलाच घातली जाते, हे मला सगळ्यात खटकतं. ती चाचणी जोडगोळीची होती. त्याच अभ्यासातल्या नुसत्या इस्ट्रोजेनच्या वेगळ्या गटात स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही. तो गट २००४ मध्ये थांबवला, पण पक्षाघाताचा धोका वाढल्यामुळे.

अंडाशयं ठेवून नुसती पिशवी काढली असेल, तर वेगळाच पेच. पाळी दिसतच नाही, मग दहा वर्षं मोजायची कुठून? अंडाशयं ठेवली की काढली हे कळावं म्हणून डॉक्टर आधी ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड मागतात.