कोल्हापूरच्या टॉकीजची पार्श्वभूमी

कोल्हापूरचा चित्रपट-इतिहास सांगताना सुरुवात बहुधा 'महाराष्ट्र फिल्म कंपनी'पासून आणि बाबूराव पेंटर यांच्या हाती घडलेल्या कॅमेऱ्यापासून होते. प्रत्यक्षात या शहरात चित्रपट बनण्याआधी तो दाखवला गेला. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी मुंबईच्या जुन्या बाजारातून प्रोजेक्टर आणला, चित्रपटांचे खेळ सुरू केले आणि ते दाखवता दाखवताच कॅमेऱ्याची जुळवाजुळव आरंभली. आनंदराव १९१६ मध्ये गेले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने कॅमेरा पूर्ण केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट प्रदर्शित झाला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे. प्रोजेक्टरचे स्मारक मात्र माझ्या पाहण्यात नाही.

प्रेक्षकगृहाची सवयही शहराला नाटकाने लावली होती. छत्रपती शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून बांधवलेले 'पॅलेस थिएटर' १९१५ मध्ये पूर्ण झाले (आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, जे ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत होरपळले). 'पिटातला प्रेक्षक' (पडद्यासमोरच्या स्वस्त रांगांतला) हा शब्दप्रयोग नाटकातून चित्रपटाकडे आला, तो या सवयीसकट. पुढे 'प्रभात'ने १९३२ मध्ये कोल्हापुरातच 'अयोध्येचा राजा' हा बोलपट तयार केला. चित्र बोलू लागल्यावर पडद्यापुढच्या पेटी-तबल्याचे काम संपले, चित्रपटगृहांना ध्वनियंत्रणा बसवावी लागली आणि 'टॉकीज' हे नाव लोकांच्या तोंडी असे बसले की चित्रपटगृहाला दुसरे नाव सुचेनासे झाले.

या इमारतींचा जीव मात्र प्रेक्षागृहाच्या पाठीमागच्या केबिनमध्ये होता. हजार फुटांचे रीळ जेमतेम अकरा मिनिटे चाले, म्हणून दोन यंत्रे शेजारी शेजारी लागत. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकला की ऑपरेटर दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करी आणि काही सेकंदांनी दुसरा ठिपका दिसताच प्रकाश त्या यंत्रावर वळवी. हे साधले तर खाली बसलेल्या कोणालाच काही कळत नसे आणि चुकले तर पिटातून शिट्ट्या येत. प्रकाश कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ज्योतीचा असे. कांड्या जळत जात तसे त्यांच्यातले अंतर सतत सांभाळावे लागे, नाहीतर चित्र पिवळे पडे. पूर्वीची नायट्रेट फिल्म झटकन पेट घेत असल्यामुळे केबिनच्या झरोक्यांना आगीच्या वेळी खाली पडणारी लोखंडी झापे असत. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर रिळांचे पत्र्याचे डबे, कार्बन आणि त्यांच्याबरोबर ही कारागिरीही गेली.

प्रेक्षक टीव्हीकडे वळला म्हणून टॉकीज बंद पडल्या, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि प्रांताचे करमणूक शुल्क कोल्हापूरच्या तिकिटांनाही लागू झाले. पुढे २००१ च्या धोरणाने नव्या मल्टिप्लेक्सला पहिली तीन वर्षे या शुल्कातून पूर्ण सूट मिळाली, तेव्हा जुन्या एकपडदा मालकाला मात्र ते भरावेच लागत होते. जागा मोक्याची, उत्पन्न आठवड्याच्या चित्रपटावर अवलंबून, आणि इमारत पाडायची तर नव्या बांधकामात चित्रपटगृह राखण्याची अट आड येणार, अशा कोंडीत अनेक मालकांनी दारे लावून घेणे पसंत केले. त्यात मार्च २०२० पासून टाळेबंदीने कित्येक महिने पडदाच बंद ठेवला.

शहराने या इमारतींची नावे मात्र सोडलेली नाहीत. रिक्षावाल्याला आजही 'उमा टॉकीज चौक' एवढे सांगितले की पुरते. पावसाळ्यात जयंती नाल्याचे पाणी चढू लागले की 'व्हीनस कॉर्नरला पाणी आले का?' ही चौकशी घराघरांतून सुरू होते, आणि ती करणाऱ्यांत व्हीनसला कधीच तिकीट न काढलेली मुलेही असतात.