धूर सगळ्यांना सारखाच दिसायला हवा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. जेवण झालं की फोन घेऊन कोपरा धरायचा, आणि मग ‘लेफ्टला आहे, लेफ्टला!’ असा आरडाओरडा. एकदा त्याच्याकडून फोन मागून घेतला आणि बीजीएमआय या गोळीबाराच्या ऑनलाइन गेमच्या सेटिंगमध्ये शिरून हौसेनं ग्राफिक्स ‘एचडीआर’वर नेलं. फोन चांगला आहे, तर चित्रही चांगलं दिसू दे, एवढाच विचार. दोन मिनिटांत फोन हातातून ओढला गेला. ‘‘मामा, काय करून ठेवलंस हे? स्मूथ आणि एक्स्ट्रीमच ठेवायचं असतं. आत्ता मेलो असतो ना मी!’’

स्मूथ म्हणजे सगळ्यांत साधं चित्र आणि एक्स्ट्रीम म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं. मला गंमत वाटली. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून काउंटर-स्ट्राइक खेळायचो, तेव्हा ग्राफिक्स कार्ड असलेलं एकच मशीन होतं आणि ते पटकवायला मारामारी व्हायची. आता चित्र देखणं करायची सोय खिशात आली, तर पोरं ते मुद्दाम साधं करून खेळतात. हे वेड नव्हे. भाच्याचा हिशेब बरोबरच होता, आणि तो कळायला आधी टेक्स्चर म्हणजे काय ते बघावं लागेल.

गेममधली लाकडी पेटी ही खरं तर सहा कोऱ्या चौकोनांची आकृती. फळ्या, खिळे, कडेला उडालेला रंग हे सगळं एका सपाट चित्रात असतं आणि ते चित्र त्या चौकोनांवर चढवलेलं असतं, वहीला कव्हर घालावं तसं. हे चित्र म्हणजे टेक्स्चर. वक्र पृष्ठभागावर असं चित्र कसं चढवायचं हे एड कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात दाखवलं. पुढे पिक्सार उभी करणाऱ्यांत हेच कॅटमल होते.

काउंटर-स्ट्राइक १९९९ साली हाफ-लाइफ या गेमवरचा हौशी मॉड, म्हणजे मूळ गेम बदलून केलेला नवा खेळ, म्हणून आलं. त्या इंजिनात, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, एका टेक्स्चरला जास्तीत जास्त २५६ रंग मिळायचे, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला एक बाइट. १२८ बाय १२८ ठिपक्यांचं पेटीचं चित्र १६ केबीत मावायचं. आज त्याच पेटीला ४०९६ बाय ४०९६चं चित्र द्यायचं आणि प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट द्यायचे, तर ४८ एमबी लागतात. तीन हजार पट! आणि पेटी एकटी नसते. भिंती असतात, फरशा असतात, बंदुका असतात.

यातून वाट निघाली ती रांगोळीच्या हिशेबानं. चार बाय चार ठिपक्यांची रांगोळी काढायची आहे आणि हाताशी रंगाच्या दोनच वाट्या आहेत. पहिल्याचे दोन भाग आणि दुसऱ्याचा एक, किंवा उलट, असं मिसळून आणखी दोन छटा होतात. आता सोळा ठिपक्यांपैकी प्रत्येकात या चारांतली कुठली छटा, एवढंच लिहून ठेवायचं. दोन रंगांना ३२ बिट, सोळा ठिपक्यांच्या नोंदीला ३२ बिट, झाले ६४. एरवी ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे २४ बिट धरले, तर त्याच सोळा ठिपक्यांना ३८४ बिट लागले असते. एसथ्री या कंपनीनं १९९०च्या दशकाच्या अखेरीस आणलेली ही पद्धत, आणि तिची सुधारलेली भावंडं, आजही जवळपास प्रत्येक गेममध्ये आहेत. फोनमध्ये एएसटीसी नावाची पद्धत चालते. तिथे रांगोळीचा चौकोन चार बाय चारपासून बारा बाय बारापर्यंत हवा तेवढा घेता येतो. दोन वाट्यांच्या पद्धतीनं आपल्या ४८ एमबीच्या चित्राचे होतात ८. नुकसान होतंच, पण लाकडाच्या फळीवर ते शोधायला कोण बसलंय? आकाशाच्या हलक्या निळ्या छटांत मात्र ते पट्ट्यापट्ट्यांनी उघडं पडतं.

दुसरी अडचण लांबच्या वस्तूंची. शंभर पावलांवरची पेटी स्क्रीनवर दहा ठिपक्यांएवढी असते, पण चित्र ४०९६चं. त्यातले कुठले दहा ठिपके निवडायचे? आंधळेपणानं निवडले तर चालताना लांबच्या जाळ्या, फरशा, कौलं चमचमत राहतात, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. १९८३ साली लान्स विल्यम्स यांनी सुचवलेला उपाय असा, की एकाच चित्राच्या आधीच लहान-लहान प्रती करून ठेवायच्या, प्रत्येक बाजू अर्धी करत शेवटी एका ठिपक्यापर्यंत. वस्तू जेवढी लांब, तेवढी छोटी प्रत वापरायची. यांना मिपमॅप म्हणतात. एवढ्या प्रतींचा ढीग केला तर जागा किती खाईल असं वाटतं, पण प्रत्येक प्रत आधीच्या चौथाई, त्यामुळे सगळ्या मिळून मूळ चित्राच्या फक्त एक तृतीयांश जागा जास्त लागते.

सेटिंगमधलं ‘टेक्स्चर क्वालिटी’ लो केलं की बहुतेक गेम एवढंच करतात: सगळ्यांत मोठी प्रत वापरायचीच नाही, पुढच्यापासून सुरुवात करायची. म्हणून लो टेक्स्चर म्हणजे वेगळं चित्र नव्हे, जवळ गेल्यावरही लांबूनच बघितल्यासारखं दिसणारं तेच चित्र.

इथे एक गैरसमज दूर करतो. टेक्स्चर वाढवलं की गेम हळू होतो, असं सरसकट नसतं. टेक्स्चरला मुख्यतः लागते ती जागा. सावल्या, प्रतिबिंबं, धूर यांना लागतो तो हिशेबाचा वेळ. ग्राफिक्स कार्डची स्वतःची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. डबे ओट्यावर मावत असतील तर मोठे डबे ठेवल्यानं पोहे उशिरा होत नाहीत. पण ओटा भरला आणि मोहरीसाठी दर वेळी माळ्यावर चढावं लागलं, की फोडणी जळते. गेममध्ये हीच फोडणी जळते तेव्हा आपण ‘अटकतोय, अटकतोय’ म्हणून ओरडतो. फोनमध्ये तर ओटाही सगळ्यांचा सामाईक, आणि वरून फोन तापला की प्रोसेसर स्वतःच मंदावतो. भाच्याच्या स्मूथचं अर्धं उत्तर हे.

ग्राफिक्स वाढवल्यानं पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, वाढतो, हीही समजूत सगळीकडे ऐकू येते. खेळताना चित्र इंटरनेटवरून येत नसतं. सामना चालवणाऱ्या सर्व्हरकडून, म्हणजे मधल्या कॉम्प्युटरकडून, येतात ते आकडे: कोण कुठे उभा आहे, कुठे बघतोय, गोळी झाडली की नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये हा हिशेब सेकंदाला ६४ वेळा होतो. पेटीचं चित्र आपल्याच डिस्कवर आधीपासून असतं. म्हणजे दहा जण एकच सामना खेळत असतात, पण प्रत्येक जण आपल्या घरी, आपल्या मशीननं रंगवलेलं चित्र बघत असतो. सर्व्हर फक्त गोष्ट सांगतो, चित्र ज्याचं त्यानं काढायचं. (सेकंड लाइफसारखे अपवाद आहेत. तिथे लोकांनीच घडवलेलं जग असल्यानं भिंतींची चित्रंही सर्व्हरकडून येतात, आणि नव्या जागी गेलं की घरं आधी राखाडी दिसून मग हळूहळू रंगतात.)

माझ्या मते ऑनलाइन गेममधलं ग्राफिक्स इथे खऱ्या अर्थानं वेगळं होतं. एकट्यानं खेळायच्या गेममध्ये चित्र सुधारलं की काम झालं. चारचौघांत खेळताना मात्र कोणाला काय दिसतं यावर हारजीत ठरते. १९९९च्या क्वेक ३ मध्ये आर-पिकमिप नावाची एक कमांड होती. मिपमॅपच्या वरच्या, म्हणजे मोठ्या, किती प्रती गाळायच्या हे तिनं ठरायचं. पट्टीचे खेळाडू ती इतकी वाढवायचे की भिंतींचं नक्षीकाम जाऊन नुसते रंगाचे पट्टे उरायचे. दिसायला भयाण, पण त्या सपाट रंगासमोर हलणारा माणूस लगेच डोळ्यांत भरायचा. टेक्स्चरच्या फाइल आपल्याच डिस्कवर, म्हणून काही महाभाग तर भिंतीचं टेक्स्चर काढून तिथे पारदर्शक चित्र ठेवायचे. आमच्या कॅफेतही असा एक होता. त्याला ‘एक्स-रे’च म्हणायचे. पुढे सर्व्हरच आपल्या फाइल आणि खेळाडूच्या फाइल जुळवून बघू लागले.

गवताचा किस्सा याच जातीचा. पब्जीत ठरावीक अंतरापलीकडचं गवत काढलंच जात नाही, कारण लाखो पाती रंगवणं परवडत नाही. आपण गवतात पालथे पडून ‘आता कोण बघतंय’ म्हणून खूश, आणि लांबच्या डोंगरावरच्याला आपण ओसाड जमिनीवर लोळताना दिसतो.

म्हणूनच चालू ऑनलाइन गेमचं चित्र सुधारणं हे राहत्या घराचं रंगकाम आहे. काउंटर-स्ट्राइकवाल्या व्हॉल्व्ह कंपनीनं २७ सप्टेंबर २०२३ रोजी सोर्स २ या नव्या इंजिनावर काउंटर-स्ट्राइक २ आणलं, तेव्हा मॅप, म्हणजे खेळायच्या जागा, तीन प्रकारे हाताळले. इन्फर्नोसारखे काही मुळापासून नव्यानं बांधले. न्यूकसारख्यांना नवे पृष्ठभाग दिले. आणि डेव्ह जॉन्स्टन यांचा २००१चा डस्ट २ मात्र प्रकाश सुधारून आणि माणसं नीट उठून दिसतील एवढं बघून जवळजवळ तसाच ठेवला. लोकांच्या बोटांना पाठ झालेली जागा हलवायची नाही, हे शहाणपण मला त्या सगळ्या चकचकाटापेक्षा जास्त आवडलं.

नवे पृष्ठभाग म्हणजे काय, तर आता एका भिंतीला एक चित्र पुरत नाही. जुना चित्रकार सावली आणि चमक टेक्स्चरमध्येच रंगवायचा. सूर्य कुठेही असो, खिळ्याची सावली डावीकडेच. आता एक चित्र नुसत्या रंगाचं, एक खरखरीतपणाचं, एक धातू आहे का नाही ते सांगणारं, आणि एक उंचसखलपणाचं. हे शेवटचं उघडून बघा, सगळं जांभळट निळं दिसेल. त्यात रंग नसतोच; पृष्ठभागाचा तो ठिपका कुठे तोंड करून आहे, ती दिशा लाल-हिरव्या-निळ्याच्या आकड्यांत लिहिलेली असते. सरळ समोर बघणाऱ्या ठिपक्याचा आकडा नेमका त्या निळ्या-जांभळ्यावर येतो. प्रकाश कसा पडेल हे मग कार्ड जागच्या जागी ठरवतं.

मग जुनीच चित्रं एआयनं मोठी केली तर? करतात, आणि हौशी मॉडवाले तर सर्रास करतात. पण एआय हरवलेला तपशील शोधून आणत नाही, अंदाजानं भरतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्रँड थेफ्ट ऑटोचे तीन जुने गेम सुधारून आले. तो एकट्यानं खेळायचा मामला, पण मासला बोलका आहे. त्यात एका डोनटच्या दुकानावर षटकोनी नटाचं बोधचिन्ह होतं, दुकानाच्या ‘टफ नट’ या नावावरचा विनोदच तो. सुधारणेत सगळे कोपरे गुळगुळीत झाले, नट गोल झाला, आणि विनोद गेला.

काउंटर-स्ट्राइक २ मधली सगळ्यांत मोलाची सुधारणा टेक्स्चरची नाहीच, धुराची आहे. आधीच्या गेममध्ये स्मोक बॉम्ब फुटला की प्रत्येकाचं मशीन आपापल्या परीनं धुराचे सपाट तुकडे काढायचं. त्यामुळे मला दाट वाटणाऱ्या धुरातून समोरच्याला माझं डोकं दिसू शकायचं. आता धूर म्हणजे जागा व्यापणारे छोटे-छोटे घन. तो खोलीच्या आकाराप्रमाणे पसरतो, दारातून बाहेर येतो, गोळी गेली की क्षणभर भोक पडतं, आणि ते सगळ्यांना त्याच जागी दिसतं. ग्राफिक्स वाढलं आणि न्यायही वाढला, अशी उदाहरणं फार नाहीत. नेमकं उलटंही याच गेमच्या इतिहासात आहे: नोव्हेंबर २०१९ पासून खेळाडूंसाठी नवनव्या वेशातली पात्रं विकायला आली आणि त्यांतली काही झुडपांत अशी मिसळायची की लोक वैतागले. पैसे मोजून लपायची सोयच ती.

या सगळ्याची किंमत गरीब मशीनवाल्यांनी मोजली. आधीच्या गेमला डिस्कवर १५ जीबी पुरायचे, नव्याला ८५ लागतात. डायरेक्टएक्स ९ या जुन्या ग्राफिक्स तंत्रावर चालणारी कार्डं, ३२-बिट विंडोज आणि मॅक हे तिन्ही वगळले गेले. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे हे सगळे मिळून खेळणाऱ्यांच्या एक टक्क्याहूनही कमी होते. एकट्याचा गेम असता तर जुनी सीडी जपून ठेवली असती. इथे सगळा गावच नव्या घरात गेला, जुन्या ओसरीवर बसून करणार काय?

परवा भाचा पुन्हा आला, तेव्हा त्याला मुद्दाम माझ्या कॉम्प्युटरसमोर शेजारी बसवला. टेक्स्चर हाय, कारण ओटा रिकामा आहे. सावल्याही हाय, कारण कोपऱ्यामागे लपलेल्याची सावली कधी कधी त्याच्या आधी बाहेर येते. बाकी सगळं लो. डस्ट २ उघडला, मधल्या वाटेवरच्या दारांकडे जाता जाता भिंतीपाशी थांबलो.

‘‘बघ, ऊन कसं पडलंय. पोपडे न् पोपडे दिसतायत.’’

‘‘मामा, दार...’’ तो म्हणाला, आणि फटीतून आलेल्या गोळीनं माझा निकाल लावला.