सिंगल स्पीड आणि फिक्सी: जुन्या रेसरला यातलं काय मानवेल?

पावसाळा सरला की नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर पहाटेच्या सायकली वाढतात, आणि त्याच सुमारास माळ्यावरची वाकड्या हँडलची जुनी रेसर खाली उतरते. डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, गंजून आवळलेला, गिअरची केबल तुटलेली. मग कुणीतरी सांगतं, ‘गिअर काढून टाक, फिक्सी करून घे.’ बहुतेक वेळा त्याच्या मनात असतं सिंगल स्पीड.

दोन्हींत पुढे एक चकती, मागे एक चकती आणि मधे चेन, त्यामुळे लांबून फरक कळत नाही. मागचं चाक उचलून पुढच्या दिशेने जोरात फिरवा. चाक किर्रर्र करत फिरतंय आणि पेडलं जागेवर, तर आत फ्रीव्हील आहे, म्हणजे पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारी चकती. ते सिंगल स्पीड. पेपरवाल्याची काळी सायकल हीच. पेडलंही चाकाबरोबर गरगरली तर फिक्सी. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, दम खायला सवलत नाही.

जुन्या गाडीला एकच गिअर ठेवायची पद्धत थंड देशांतली. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ चांगल्या गिअरची वाट लावतं. आपल्याकडे ते काम पावसाळाच करून ठेवतो.

खरी मेख मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात आहे. जुन्या रेसरच्या हबवर फ्रीव्हील आट्यांवर बसतं, आणि फिक्सीची चकतीही बऱ्याचदा त्याच आट्यांवर बिनतक्रार चढते. इथेच लोक फसतात. ट्रॅक सायकलच्या, म्हणजे गोल ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकलच्या हबला चकतीच्या पुढे आणखी एक टप्पा असतो, उलट्या आट्यांचा. त्यावर लॉकरिंग आवळतात. पाय उलटे दाबून वेग तोडताना चकती सैल व्हायला बघते, तिला हे रिंग अडवतं. जुन्या हबला हा टप्पाच नाही. ग्लू लावून, जुनी रिंग आवळून काम भागवणारे आहेत, पण भर रहदारीत चकती सुटली तर पायाने थांबायची सोय संपली. फिक्सीच हवी असेल तर ट्रॅक हबचं चाक घ्या आणि पुढचा ब्रेक काढू नका.

आता रस्त्याचं बघू. ४२ दाती पुढे आणि १८ दाती मागे धरली, तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण ४.९ मीटर जाते. पाम बीचवर ताशी २५ किलोमीटरला मिनिटाला ८५ फेऱ्या, म्हणजे मजेत. ठाण्यात येऊरच्या डोंगरावरून उपवनकडे उतरताना वेग ४० झाला तर १३६! फ्रीव्हील असलं की पाय स्थिर ठेवून दोन्ही ब्रेक सांभाळायचे. फिक्सीवर मात्र पायांची शिलाई मशीन होते. म्हणून ठाण्याच्या चढ-उतारांना माझं मत सरळ फ्रीव्हीलला. वाशी-बेलापूरच्या सपाटीपुरती फिक्सी ज्यांना आवडते, त्यांचा नाद मी समजू शकतो.

साफसफाईतही फरक पडतो. फिक्सीची चेन फिरती ठेवून फडक्याने पुसायला जाऊ नका. फडकं अडकलं तर चाकाच्या गतीने बोटही चकतीत ओढलं जातं.

फ्रीव्हीलचं ठरलं, तर मागच्या एक्सलची खाच बघा. जुन्या फ्रेमला ती आडवी असते, चाक मागे सरकवून चेन ताणता येते. नव्या फ्रेमच्या उभ्या खाचेला चेन ताणून धरणारा टेन्शनर लागतो. जुनाच डिरेलर एका जागी अडकवूनही ते काम होतं. फिक्सीला हे चालत नाही, कारण उलटा दाब आला की चेनची खालची बाजू ताणली जाते.

एकेरी फ्रीव्हील स्पोकच्या बाजूला आत बसतं आणि चेन तिरकी धावते. मग एक्सलवरचे उजवीकडचे वॉशर डावीकडे घ्यायचे आणि रिम पुन्हा मधोमध आणायची. हे काम आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच द्या, त्याला दहा मिनिटं समजावून सांगावं लागलं तरी. शेवटी खालच्या चेनच्या मधोमध बोट दाबून बघा: ती साधारण एक सेंटीमीटर हलायला हवी. पेडल फिरवताना कुठे घट्ट झाली, तर चकती किंचित मधोमध बसलेली नाही, आणि चेन त्या घट्ट जागेच्या मापानेच ताणायची.